दुरुस्तीसाठी खोली रिकामी केली म्हणजे भाडेकरूपण सोडलं असं नाही

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत म्हाडाचं रिपेअर बोर्ड अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, महापालिका आपली वेगळी यादी काढते, तिकडे पुण्यात पेठांमधल्या जुन्या वाड्यांना नोटिसा लागतात, आणि दरवर्षी बातमी तीच असते की लोक घरं सोडायला तयार नाहीत. मग सगळीकडे सुरू होतं, की जीव धोक्यात आहे तरी हे हटत नाहीत, फुकटात राहायची सवय लागलीये, बिल्डरकडून मोठा फ्लॅट उकळायचाय म्हणून अडून बसलेत वगैरे. मला हे बोलणं खरंच लागतं. गॅलरीला लोखंडी टेकू लावलेत, स्लॅबची खपली पडून सळया दिसतायत, अशा घरात पोराबाळांना घेऊन कोणी हौसेनं झोपत नाही. लोक जात नाहीत कारण त्यांनी शेजारच्या चाळीचं काय झालं ते बघितलेलं असतं, तिथले लोक "फक्त दुरुस्तीपुरते" म्हणून बाहेर पडले आणि आज कोण विरारला, कोण बदलापूरला, कोण गावी, आणि चाळीच्या जागी पत्र्याचं कुंपण.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी सरळ सांगतो. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करणं ही एक गोष्ट आणि भाडेकरूपण संपणं ही पूर्णपणे दुसरी गोष्ट. या दोन्हींची जी सरमिसळ झालीये, कधी मुद्दाम कधी अज्ञानातून, तिच्यामुळेच ना दुरुस्त्या होतात ना माणसं वाचतात. परत येण्याची खात्री आधी हातात द्या, लेखी, सरकारी शिक्क्याची, मग रिकामं करायला सांगा. उलट क्रमानं हे कधीच होणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण गंमत नाही, कायद्यात यातलं बरंचसं आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम १६ मध्ये मालकाला कोणकोणत्या कारणांसाठी ताबा मागता येतो ते दिलंय आणि त्यात एक कारण दुरुस्तीचं आहे. पण ते नीट वाचा. तिथे नुसतं "दुरुस्ती करायची आहे" एवढं पुरत नाही, मालकाची गरज वाजवी आणि प्रामाणिक पाहिजे आणि दुरुस्ती अशी पाहिजे की जागा रिकामी केल्याशिवाय ती करताच येत नाही. म्हणजे पहिला प्रश्न इमारत जुनी आहे का हा नाहीच, पहिला प्रश्न हे काम माणसं आत असताना होऊ शकतं का हा आहे. आणि त्यानंतर कलम १७ येतं, जे बहुतेक भाडेकरूंना माहितीच नसतं. दुरुस्तीच्या कारणावर कोर्ट ताब्याचा हुकूम देणार असेल तर कोर्टानं भाडेकरूला विचारायचं की बाबा काम झाल्यावर तुला परत याच जागेत यायचंय का, आणि तो हो म्हणाला तर ते हुकूमनाम्यातच लिहायचं, जागा कधीपर्यंत खाली करायची ती तारीख घालायची. म्हणजे कायद्याच्या मनात हे स्पष्ट आहे की हा माणूस परत येणार आहे, त्याला कायमचा घालवायचं नाहीये.

मग अडतं कुठे? अडतं इथे की कलम १७ चं सगळं संरक्षण कोर्टाच्या हुकूमनाम्याला जोडलेलं आहे. आणि दुरुस्तीच्या नावानं जी घरं रिकामी होतात त्यातली कितीतरी कोर्टाचं तोंडही न बघता होतात. मालक येतो, किंवा मालकाच्या वतीनं कोणीतरी येतं, म्हणतं काका सहा महिन्यांचं काम आहे, तोवर कुठेतरी सोय बघा, भाड्याचे पैसे आम्ही देऊ, काम झालं की चावी तुमच्या हातात. काका चांगल्या मनाचे, मालकाच्या वडलांपासूनची ओळख, लग्नकार्याला येणं जाणं, ते सही करतात आणि निघतात. कुठल्या कागदावर सही केली ते वाचत नाहीत. त्या कागदावर पुष्कळदा लिहिलेलं असतं की मी स्वखुशीने जागेचा ताबा मालकाला परत देत आहे व माझा कोणताही हक्क राहिलेला नाही. याला कायद्यात सरेंडर म्हणतात आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ प्रमाणे सरेंडर केलं की भाडेपट्टा संपतो. दुरुस्ती हा शब्द त्या कागदावर एकदाही नसतो. पुढे भांडायला गेलात तर मालकाचा वकील तोच कागद पुढे करतो आणि तुमच्याकडे फक्त तोंडी शब्द उरतो.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं साधारण असंच झालं. दादरकडची जुनी चाळ, दोन खोल्या, घरात म्हाताऱ्या सासूबाई. पहिली काही भाडी वेळेवर मिळाली मग उशिरा यायला लागली मग बंद. दरम्यान चाळ दुसऱ्याला विकली गेली, नवा मालक म्हणतो मी कोणाला काही कबूल केलेलं नाही, जुना मालक फोन उचलत नाही. सासूबाई भाड्याच्या घरातच गेल्या. त्या घरातल्या वहिनी मला म्हणाल्या की भाऊ, आम्ही बाहेर पडलो हीच चूक, बाकीचे बसून राहिले त्यांना निदान विचारतात तरी. हे वाक्य मला विसरता येत नाही कारण व्यवस्थेनं या बाईला शिकवलेला धडा हा आहे की धोकादायक इमारतीत बसून राहा, तरच तुमची किंमत. आणि ज्यांना हा धडा शिकवलाय त्यांनाच आपण हट्टी म्हणतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. काही कुटुंबं तिथून आधी हलली होती, काही राहिली होती. जुलै २०१९ ला डोंगरीतली केसरबाई, पुढच्याच जुलैमध्ये फोर्टची भानुशाली. प्रत्येक वेळी नोटीस दिली होती का, कोणी दिली होती, जबाबदारी मालकाची की म्हाडाची की पालिकेची यावर आठवडाभर चर्चा झाली. परत यायची लेखी हमी कोणाच्या हातात होती का हा प्रश्न मात्र मी तरी कोणाला विचारताना ऐकला नाही.

बरं, खरंच रिकामं करायची गरज असते का हाही मोठा विषय आहे आणि इथे जरा थांबून बोलायला हवं. मुंबई महापालिका स्ट्रक्चरल ऑडिटवरून, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीवरून, इमारतींचे प्रकार पाडते. सी-१ म्हणजे राहण्यायोग्य नाही, लगेच खाली करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा. सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती पण लोकांना न हलवता, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. हे लक्षात घ्या की पालिकेचेच इंजिनिअर मान्य करतात की मोठ्या दुरुस्तीचा एक अख्खा प्रकार असा आहे जो माणसं आत राहून होतो. कॉलमला जॅकेटिंग म्हणजे खांबाभोवती नव्या काँक्रीटचं आवरण, तडे भरायला इपॉक्सी, सळया साफ करून पॉलिमर मॉर्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मोरीचे आणि ड्रेनेजचे पाईप बदलणं, भिंतीत घुसलेलं पिंपळाचं मूळ काढणं, यातलं बरंच काम टेकू लावून एका वेळी एक खोली, एक मजला असं करता येतं. त्रास होतो, धूळ होते, महिना दोन महिने हाल होतात, पण घर सुटत नाही. मात्र मालकाच्या डोक्यात दुरुस्ती नसून मोकळा प्लॉट असेल तर त्याला सी-२बी नको असतं, त्याला सी-१ पाहिजे असतं. म्हणून मग मालकाचा ऑडिटर म्हणतो इमारत सी-१, भाडेकरू स्वतःचा ऑडिटर आणतात तो म्हणतो सी-२बी, एकाच इमारतीचे एकाच महिन्यातले दोन रिपोर्ट, आणि प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. ती समिती आहे हे चांगलं आहे पण माझं मत असं की ऑडिटर नेमायचाच मालकानं किंवा भाडेकरूंनी नाही. पैसे कोणीही भरावेत, निवड मात्र पालिकेनं आपल्या पॅनलवरून चिठ्ठी काढून करावी. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ सेल, कोअर काढून तपासणी, या चाचण्यांचे आकडे खोटं बोलत नाहीत, पण कुठल्या कॉलमवर चाचणी घ्यायची हे ठरवणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे याचा फरक पडतो ना.

आता मालकाची बाजू. ती मी टाळणार नाही कारण ती खरी आहे आणि भाडेकरूंच्या बाजूनं बोलणारे बहुतेक जण ती गिळून टाकतात. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवून ठेवली होती. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशी भाडी कायमची गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, त्यानंतर नवा कायदा आला आणि त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. आता हिशोब करा. २००० साली एखाद्या खोलीचं भाडं १०० रुपये असेल तर चक्रवाढ धरली तरी २५ वर्षांनी ते जेमतेम २६५-२७० रुपये होतं. वीस खोल्यांची चाळ धरली तर अख्ख्या चाळीचं वर्षाचं भाडं ६५ हजारांच्या आत. यात मालकानं प्रॉपर्टी टॅक्स भरायचा, झाडूवाल्याला द्यायचं, आणि कॉलम जॅकेटिंग करायचं? एका कॉलमच्या कामात वर्षाचं भाडं संपेल. कायद्याचं कलम १४ म्हणतं की जागा चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. कर्तव्य आहे पण त्याला लागणारा पैसा त्याच कायद्यानं त्याच्याकडे ठेवलेला नाही. अशा मालकाला दुरुस्तीत रस उरत नाही, इमारत पडेपर्यंत वाट बघण्यात किंवा बिल्डरला विकण्यात त्याचा रस तयार होतो, आणि त्यात त्याचा दुष्टपणाच असतो असं नाही.

तेच कलम १४ भाडेकरूलाही एक हक्क देतं. मालकाला नोटीस द्या, किमान पंधरा दिवस थांबा, त्यानं नाही केलं तर स्वतः दुरुस्ती करा आणि खर्च भाड्यातून वळता करा. ऐकायला छान. पण वळता करायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. वरच्याच हिशोबानं २७० रुपये महिना म्हणजे वर्षाचे ३,२४० आणि त्याचा चौथा हिस्सा ८१० रुपये. वर्षाला ८१० रुपयांत मोरीची फरशीसुद्धा बदलून होत नाही. म्हणजे कायद्यानं दुरुस्तीचं कर्तव्य एकाला दिलं, हक्क दुसऱ्याला दिला, आणि पैसा दोघांनाही दिला नाही.

मुंबई शहरात, म्हणजे बेटावरच्या भागात, यावर तोडगा म्हणून १९६९ च्या कायद्यानं रिपेअर बोर्ड आलं. जुन्या भाड्याच्या इमारतींवर सेस म्हणजे उपकर लावायचा आणि त्यातून सरकारनं दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. कल्पना चांगलीच होती, अजूनही मला ती चांगली वाटते. पण बोर्ड दर चौरस मीटरमागे एका ठराविक मर्यादेपर्यंतच खर्च करतं, त्याच्या वर खर्च गेला की वरचे पैसे रहिवाशांनी काढायचे नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते, मग ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे तात्पुरत्या राहण्याच्या सरकारी खोल्या. आणि ट्रान्झिट कॅम्पमध्ये गेलेली कुटुंबं तिथेच म्हातारी झालीत, पोरांची लग्नं तिथेच झाली, हे मुंबईत कोणालाही विचारा. लोक मालकावरच काय, सरकारवरही विश्वास ठेवत नाहीत ते उगाच नाही. बेटाबाहेर तर एवढंही नाही, उपनगरात, पुण्यात, नाशकात, सांगलीत सेस नाही आणि रिपेअर बोर्डही नाही. तिथे वाड्याचा मालक आणि भाडेकरू एकमेकांसमोर उभे, मध्ये फक्त महापालिकेची नोटीस आणि पंधरा वीस वर्षं चालणारा दावा.

आता मला कायद्यातली सगळ्यात मोठी विसंगती दाखवायची आहे. मालकाला इमारत पाडून नवी बांधायची असेल तर त्याच कलम १६ मध्ये त्याच्यावर कडक अटी आहेत. बांधायला पैसे आहेत हे कोर्टाला दाखव, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे हे दाखव, नव्या इमारतीत आधी होती त्यापेक्षा कमी घरं नसतील असं दाखव, आणि हमी दे की पाडायचं काम ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात सुरू करीन, तीन महिन्यांत संपवीन आणि नवी इमारत पंधरा महिन्यांत उभी करीन. म्हणजे पैसा, नकाशा, तारीख सगळं ताब्याच्या आधी. पण दुरुस्तीसाठी ताबा मागणाऱ्या मालकाला ही यादी कायद्यानं अशी बांधून दिलेली नाही, तिथे सगळं न्यायाधीश त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल काय मानतात यावर. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल की दुरुस्ती हे छोटं काम, माणूस परत येणारच आहे, कशाला एवढ्या अटी. पण जमिनीवर उलटं झालं. पाडायला मागितलं तर पैसे दाखवावे लागतात म्हणून दुरुस्तीच्या दारातून आत यायचं, माणसं बाहेर निघाली की वीज पाणी तोडलेली रिकामी इमारत दोन पावसाळ्यांत आपोआप सी-१ होते, आणि मग दुरुस्तीचा विषयच संपतो. आणखी एक. मालक स्वतःच्या राहण्यासाठी जागा मागत असेल तर कोणाला जास्त त्रास होईल हे कोर्टाला तोलावं लागतं. दुरुस्तीच्या दाव्यात ते तोलणं कायद्यात नाही. ऐंशी वर्षांची आजी चौथ्या मजल्यावरून कुठे जाणार हा प्रश्न तिथे कायद्याचा प्रश्नच राहत नाही.

इमारत पडली किंवा पाडली तरी भाडेकरूपण जात नाही हे तरी आता सुप्रीम कोर्टानं नक्की केलंय, आणि ते प्रकरण आपल्या सांगली मिरजेकडचंच. शहा रतन्सी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल, २०१४, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. महापालिकेनं इमारत पाडली, मालक म्हणाला जागाच उरली नाही तर भाडेकरू कसला, कोर्ट म्हणालं भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो, आणि इमारत नष्ट झाली तर करार संपवायचा की नाही हे ठरवायचा अधिकार १८८२ च्या कायद्यानं भाडेकरूला दिलाय, मालकाला नाही. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टानं धोकादायक इमारतींबद्दल पालिकेला नियम घालून दिले, त्यात पाडण्याआधी कोणाच्या ताब्यात किती जागा होती याची नोंद करायला सांगितलं. आता विचार करा, इमारत जमीनदोस्त झाली तरी हक्क शिल्लक राहतो असं देशाचं सर्वोच्च कोर्ट म्हणतंय, मग नुसती प्लास्टर करायला आणि बीम बदलायला खोली खाली केली तर तो हक्क कसा काय जाईल? कायद्यानं जात नाही. जातो तो कागद नसल्यामुळे, माहिती नसल्यामुळे, आणि स्मॉल कॉज कोर्ट, मग तिथलंच अपील, मग हायकोर्ट, मग दिल्ली, एवढं पळायची ताकद नसल्यामुळे.

भाडेकरूंनाही चार शब्द सुनावले पाहिजेत, मी स्वतः भाडेकरूच्या घरात वाढलोय म्हणून जास्तच. खोलीला कुलूप लावून डोंबिवलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायचं आणि इथे उद्या पुनर्विकास होईल म्हणून दुरुस्तीला अडवायचं, हे चालू आहे आणि हे चूक आहे. तळमजल्यावर दुकानवाल्यांनी मधली भिंत काढून टाकायची, जुन्या लोड-बेअरिंग बांधकामात भिंत हाच खांब असतो हे माहिती असून, पोटमाळा चढवायचा, गॅलरीत मोरी आणायची, गच्चीवर टाक्या वाढवायच्या, आणि इमारत वाकली की मालकाच्या नावानं ओरडायचं. आणि वरच्या मजल्यावरचे एकोणीस जण तयार असताना एकानं स्टे आणून बाकीच्यांचा जीव टांगणीला लावायचा. ज्याला परत यायची पक्की हमी मिळाली आहे, मधल्या काळाची सोय मिळाली आहे, आणि समितीनं जागा खाली करणं गरजेचं आहे असं सांगितलंय, त्याला अडून बसायचा हक्क नसावा. तिथे मी पूर्णपणे मालकाच्या बाजूनं आहे. कारण तो फक्त स्वतःच्या जिवाशी खेळत नाहीये, खालच्या मजल्यावर झोपलेल्या लेकराच्या जिवाशी खेळतोय.

काही लोक म्हणतात की ही पागडीच, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम मोजून मग थोड्या भाड्यात राहायची पद्धतच, बंद करा, भाडेकरूंनाच मालकी द्या म्हणजे भानगड मिटली. म्हाडा कायद्यात १९८६ साली अशी तरतूद आलीच होती, ७० टक्के भाडेकरूंनी सोसायटी करून मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट देऊन इमारत त्यांच्यासाठी घ्यायची. मालकांनी तिला आव्हान दिलं, ते प्रकरण तीस वर्षांहून जास्त फिरत फिरत नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला तोही मुख्यतः खाजगी मालमत्ता म्हणजे समाजाची साधनसंपत्ती का या घटनेच्या प्रश्नावर. मालकी कोणाची हा वाद पिढ्या खाणार आहे. तोवर स्लॅब थांबणार नाही, म्हणून मी मालकीत शिरत नाही, मी फक्त दुरुस्ती आणि परत येणं एवढंच मागतोय.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं थोडक्यात सांगतो. त्यांना कलम १७ सारखं परत यायचं संरक्षण नाही, त्यांचा आधार म्हणजे रजिस्टर केलेला करार. त्यामुळे सही करतानाच त्यात लिहून घ्या की मोठी दुरुस्ती निघाली तर किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट, मालकानं मोडली तर काय. दुरुस्ती म्हणून बाहेर काढून महिन्याभरात तीच खोली रंग मारून जास्त भाड्यानं दिलेली मी बघितलीये, आणि करारात एक ओळ नसल्यामुळे त्या मुलांना काहीच करता आलं नाही.

तर काय करायला पाहिजे. कलम १६ मध्ये दुरुस्तीच्या कारणालाही पाडकामासारख्याच अटी लावा, पैसे कुठून येणार ते दाखवा, समितीनं मान्य केलेला कामाचा आराखडा दाखवा, सुरू आणि संपायची तारीख द्या. मधल्या काळाच्या भाड्याचे पैसे आणि कामाच्या खर्चाचा एक हिस्सा आधी कोर्टात किंवा पालिकेकडे बँक गॅरंटी म्हणून ठेवा, म्हणजे मालक बदलला, इमारत विकली, बिल्डर बुडाला तरी ती रक्कम जागेवर राहते. कोर्टाबाहेर आपसात ठरवून जागा खाली होत असेल तर तो करार रजिस्टर करणं सक्तीचं करा आणि दुरुस्तीसाठी दिलेला ताबा सरेंडर समजला जाणार नाही असं कायद्यातच लिहा, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. आणि याच्या बदल्यात मालकाला भाडं वाढवून द्या, खरंखुरं वाढवून. ज्या खोलीचं काम पूर्ण झालं, पालिकेनं पाहून दाखला दिला, तिचं भाडं दुरुस्तीचा खर्च काही वर्षांत वसूल होईल इतकं वाढावं, ज्याला झेपत नाही त्या विधवेला, पेन्शनवरच्या म्हाताऱ्याला सरकारनं फरक द्यावा. तीनशे रुपयांत मुंबईत राहायचं आणि मालकानं लाखोंची दुरुस्ती करावी ही अपेक्षा मी तरी न्याय्य म्हणू शकत नाही. भाडेकरूंच्या संघटनांना हे आवडणार नाही, पण परत यायची हमी फुकट मिळत नसते, कोणीतरी तिचे पैसे भरतो, आणि आज ते पैसे कोणीच भरत नाही म्हणून ती हमीही नाही.

मालक विचारतील, आमचीच इमारत, आम्हीच गॅरंटी का ठेवायची? कारण ताबा तुमच्याकडे जाणार आहे. ज्या दिवशी भाडेकरू चावी देतो त्या दिवशी त्याच्या हातातलं सगळं तुमच्या हातात जातं, त्याच्याकडे काहीच उरत नाही, आणि पागडी म्हणून त्याच्या आजोबांनी दिलेले पैसे त्याच जागेत अडकलेले असतात. तुमचा हेतू सरळ असेल तर गॅरंटी तुम्हाला परतच मिळणार आहे.

यातलं सगळं व्हायला विधानसभा लागेल, वेळ लागेल. पण एक गोष्ट पालिका आणि म्हाडा पुढच्या मे महिन्यापासून करू शकतात, त्याला कायदा बदलायची गरज नाही. धोकादायक इमारतीची नोटीस दाराला चिकटवायला माणूस जातो तेव्हाच त्यानं टेप घेऊन जावं, प्रत्येक खोलीचं माप घ्यावं, भाडेपावती आणि लाईट बिल बघावं, आणि खोली नंबर, मोजलेलं क्षेत्रफळ, राहणाऱ्याचं नाव आणि "सदर जागा दुरुस्तीसाठी तात्पुरती रिकामी करण्यात येत असून भाडेकरूचे हक्क अबाधित आहेत" एवढा मजकूर असलेला सही शिक्क्याचा कागद नोटिशीच्या बरोबरच त्या घराच्या हातात द्यावा, नंतर ऑफिसला चकरा मारून नाही. मोजणीची नोंद हायकोर्टानं २०१४ लाच करायला सांगितली आहे. आणि तुमच्या इमारतीला नोटीस लागलीच असेल तर या कागदाची वाट बघत बसू नका, आजच सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, पावत्यांच्या झेरॉक्स एकत्र करा, सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या की आमची मोजणी करा आणि त्याची पोच घ्या, आणि ज्या कागदावर दुरुस्ती आणि परत ताबा हे दोन शब्द नाहीत त्यावर कोणाच्याही सांगण्यावरून सही करू नका.